कुठलं दार, किती वाजता, कोण उभं होतं

कोक ओव्हनचं दार गळतंय की नाही हे सांगणारं यंत्र आमच्या बॅटरीवर नव्हतं. माणूस दारांसमोरून चालत जायचा, बघायचा आणि लिहायचा. माझ्या नोकरीतली बरीच वर्षं याच कामात गेली. पुढे चिमणीवर दर पंधरा मिनिटांनी आकडा पाठवणारी यंत्रं आली, तीही मी सांभाळली. तरी आज कुणी मला एखाद्या कोक प्लांटचं प्रदूषण कसं आहे असं विचारलं, तर मी आधी दारांचा कागद मागेन. चिमणीचा नंतर.

मी मूळची चंद्रपूरची. कोळसा लहानपणापासून पाहिलेला. पण आमच्याकडचा कोळसा विजेचा, त्याचा कोक होत नाही. कोक व्हायचा तर कोळसा तापल्यावर आधी मऊ पडावा लागतो, फुगावा लागतो आणि मग एकजीव होऊन घट्ट व्हावा लागतो. तो गुण झरियाच्या कोळशात आहे, मात्र त्यात राख फार, म्हणून धुऊन घेतलेल्या झरियाच्या कोळशात ऑस्ट्रेलियाहून आलेला कोळसा मिसळायचा. हे सगळं मला रसायनशास्त्राची पदवी हातात घेऊन, पूर्वेकडच्या कोळसापट्ट्यातल्या एका जुन्या पोलाद कारखान्यात पर्यावरण विभागात लागल्यावर कळलं.

बॅटरी म्हणजे भट्ट्यांची रांग. आमच्या प्रत्येक बॅटरीत पासष्ट भट्ट्या होत्या, उभ्या लावलेल्या वह्यांसारख्या एकमेकींना चिकटून: सव्वाचार मीटरच्या वर उंच, चौदा मीटर लांब आणि रुंदीला जेमतेम हातभर. शेवटच्या भट्टीचा क्रमांक मात्र ७२. कारण शून्यानं संपणारा क्रमांक कुठल्याच भट्टीला देत नाहीत. भट्ट्या ओळीनं रिकाम्या करत नाहीत, ठरावीक अंतर सोडून मालिकेनं करतात, आणि त्या हिशेबात १०, २०, ३० हे आकडे अडचणीचे ठरतात. नव्या माणसाला पहिल्या दिवशी दहावी भट्टी शोधायला लावायची तिथली रीतच होती.

वरून तीन भोकांतून कोळसा ओतायचा, झाकणं लावायची, झाकणांच्या कडा ओल्या मातीनं लिंपायच्या. आत हवा नाही. दोन्ही बाजूंच्या भिंती हजार अंशांच्या वर तापलेल्या. सोळा-अठरा तासांनी एका बाजूनं पुशर आत घुसून लालभडक कोक दुसऱ्या बाजूनं ढकलून देतो. एवढ्या वेळात कोळशाच्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा वायू, वाफ आणि डांबर होऊन निघून जातो. त्यात बेंझीन आहे, नॅप्थलीन आहे, अमोनिया आहे, आणि बेंझो-ए-पायरीन आहे. हे सगळं भट्टीच्या डोक्यावरच्या उभ्या नळीतून, जिला सगळे एपी म्हणत, वायूच्या मोठ्या नळात जावं अशी रचना असते. जे या वाटेनं न जाता फट सापडेल तिथून बाहेर पडतं, ते मोजणं आणि लिहिणं हे माझं काम.

फटी पुष्कळ. पासष्ट भट्ट्यांची दोन्ही बाजूंची मिळून एकशे तीस दारं. वरची एकशे पंचाण्णव झाकणं. दोन्ही टोकांच्या मिळून एकशे तीस एपी. मार्च २००३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि पर्यावरण मंत्रालयानं उद्योगांबरोबर जी सनद केली, तिच्यात पोलाद कारखान्यांनी दारं, झाकणं आणि एपी यांच्या गळतीची मानकं डिसेंबर २००५ पर्यंत गाठायची होती आणि निदान चाळीस टक्के बॅटऱ्या २०१२ पर्यंत नव्यानं बांधण्याचा आराखडा द्यायचा होता. पुढे ३१ मार्च २०१२ च्या अधिसूचनेत आकडे पुन्हा मांडले गेले. जुन्या बॅटरीला दारांची गळती दहा टक्के, नव्या जागी उभारलेल्या बॅटरीला पाच. झाकणांना एक टक्का. एपींना चार. कोळसा ओतताना दिसणारा धूर जुन्या बॅटरीत दर भट्टीमागे पन्नास सेकंद, नव्या बॅटरीत सोळा. म्हणजे आमच्या एका बॅटरीत एका वेळी तेरा दारं गळली तरी चालतील, चौदावं गळलं की मर्यादा ओलांडली.

हे मोजायचं कसं, त्याला शिस्त आहे. दारांपासून ठरावीक अंतर राखून एका लयीत चालायचं. एखाद्या दारापुढे थांबून राहायचं नाही, आणि ‘हा धूर की भास’ म्हणून मागे वळूनही यायचं नाही. पुशर किंवा दुसऱ्या बाजूचं कोक गाइड यंत्र समोर उभं राहिल्यानं जे दार दिसलंच नाही, ते गळत नाही असं न धरता एकूण संख्येतून वजा करायचं. वाफ आणि धूर वेगळा ओळखायचा: वाफ पांढरी असते, थोड्या अंतरावर विरून जाते; दाराचा धूर पिवळट-तपकिरी असतो आणि रेंगाळतो. पुशरच्या बाजूच्या दाराला वर एक छोटं दार असतं, कोळसा आत सपाट करणाऱ्या दांड्यासाठी. ते गळलं तरी ते दार गळलं असंच धरायचं. टॉपवर, म्हणजे बॅटरीच्या माथ्यावर, कोळसा ओतताना हातात स्टॉपवॉच. धूर दिसला की चालू, थांबला की बंद, पुन्हा दिसला की पुन्हा चालू. बेरीज शेवटी.

टॉपवर पायाखाली भट्ट्याच असतात. तिथली माणसं लाकडी तळव्याचे बूट घालतात, कारण रबरी तळवा टिकत नाही. पहिल्या उन्हाळ्यात मला वाटलं होतं की हे काम आपल्याच्यानं होणार नाही. झाकणं लिंपणाऱ्या माणसांकडे बघून ते मनातून गेलं. मी तासाभरात खाली उतरत असे. ती उतरत नव्हती.

नोंदीच्या कागदाला तेव्हा चार रकाने होते: तारीख, बॅटरी, पाहिलेली दारं, गळणारी दारं. टक्केवारी काढून तो कागद महिनाअखेरीस कार्यालयात जायचा, तिथे सरासरी निघायची आणि सरासरी मंडळाला जायची. सप्टेंबरअखेर पर्यावरण विवरण, जून आणि डिसेंबरच्या एक तारखेला पर्यावरण मंजुरीच्या अटींचा सहामाही अहवाल, अशा सगळ्या ठिकाणी तीच सरासरी उतरवली जायची. त्या कामाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. वेळेवर करावं लागतं आणि करत होतो. पण त्या चार रकान्यांमध्ये काय राहून जातंय, ते सांगायला हवं.

सगळ्यात आधी वेळ. भट्टीत कोळसा पडल्यानंतरचा पहिला तास-दीड तास वायूचा जोर सर्वांत जास्त असतो. त्या वेळी दार सर्वांत जास्त गळतं. मग गळणाऱ्या डांबरातलंच थोडं डांबर फटीत गोठतं आणि फट आपोआप बुजते. त्यामुळे एकच बॅटरी, एकाच दिवशी, चार भट्ट्या नुकत्याच भरल्या असताना पाहिली तर एक टक्केवारी येते, आणि यंत्रं दुरुस्तीसाठी थांबली असताना पाहिली तर अगदी वेगळी. हे उत्पादन विभागाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. ‘मॅडम, फेरी साडेतीननंतर घ्या, तेव्हा गर्दी नसते,’ असं मला आपुलकीनं सांगितलं जायचं. सांगणारी माणसं वाईट नव्हती. त्यांच्या डोक्यावर दिवसाच्या भट्ट्यांचा आकडा होता, आणि गळतीचा आकडा वाढला की प्रश्न त्यांनाच विचारले जात, दारं दुरुस्त करायला पैसे न देणाऱ्यांना नाही. मी फेरीची वेळ बदलत ठेवली आणि कागदावर दोन रकाने वाढवले: फेरी सुरू झाल्याची वेळ, आणि त्याआधी शेवटची भरलेली भट्टी कुठली व किती वाजता. त्यावर बरीच कुरबुर झाली. पण हे दोन रकाने भरल्यावर आकडा कुठल्या परिस्थितीत आला ते कुणालाही वाचता येऊ लागलं.

रात्री मला जाता येत नसे. कारखाने कायद्यानं तेव्हा बाईला संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी सहाआधी कामावर ठेवता येत नव्हतं. रात्रीच्या फेऱ्या सहकारी करायचा आणि प्रकाशझोतात धूर ओळखणं किती कठीण आहे ते सकाळी येऊन सांगायचा. त्याच्या कागदावर आम्ही ‘दिव्याच्या उजेडात’ असं लिहीत असू. रात्रीचे आणि दिवसाचे आकडे एका सरासरीत मिसळायचे नाहीत, एवढं आम्ही दोघांनी ठरवलं होतं.

दुसरी गोष्ट दाराची. टक्केवारीत तेरा दारं गळाली एवढंच येतं, कुठली तेरा ते येत नाही. मी चौकटीचा कागद घेऊन प्रत्येक भट्टीला एक चौकोन दिला आणि गळालेल्या दाराचा चौकोन काळा करायला लागले. काही महिन्यांनी कागदावर काही उभ्या पट्ट्या काळ्या दिसू लागल्या. काही भट्ट्या सारख्या गळत होत्या, बाकीच्या कधीमधी. मी ती यादी घेऊन दार-दुरुस्तीच्या शॉपमध्ये गेले. तिथले फोरमन बंगाली, निवृत्तीला आलेले. सगळा प्लांट त्यांना दादा म्हणायचा. त्यांनी यादी पाहिली आणि विचारलं, ‘ये नंबर भट्टी का है या दरवाज़े का?’

मला तोवर हे सुचलंच नव्हतं असं नाही, पण त्याचं महत्त्व त्या प्रश्नानं लक्षात आलं. दारं भट्टीला कायमची बसवलेली नसतात. कडेची पातळ पट्टी, जी चौकटीला दाबून बसते आणि वायू अडवते, ती वाकली किंवा झिजली की दार उतरवून शॉपमध्ये जातं आणि त्या जागी राखीव दार लागतं. म्हणजे आज तेविसाव्या भट्टीवर असलेलं दार पुढच्या महिन्यात एक्केचाळीसवर असू शकतं. गळती दाराबरोबर फिरत असेल तर दोष दारात आहे. दार बदलूनही गळती त्याच भट्टीवर राहत असेल तर दोष भट्टीच्या चौकटीत आहे, उष्णतेनं चौकट वाकली आहे, आणि तिथे कितीही चांगलं दार आणून लावलं तरी ते गळणारच. माझ्या कागदावर भट्टीचा क्रमांक होता. दादांच्या वहीत दाराचा क्रमांक होता, कुठलं दार कधी आलं, काय दुरुस्त केलं, कुठे परत गेलं. ती वही कुणी मागितली नव्हती. ती त्यांनी स्वतःच्या कामासाठी वर्षानुवर्षं लिहिली होती, बंगालीत, पेन्सिलीनं.

आम्ही दोघांनी त्या दोन नोंदी शेजारी ठेवून मांडल्या. दादा वाचून सांगायचे, मी लिहून घ्यायची. दारांच्या अंगावर कोरलेले क्रमांक डांबराखाली गेलेले होते; ते खरवडून, पांढऱ्या रंगानं मोठे करून घेतले, म्हणजे फेरीत चालता चालता दोन्ही क्रमांक वाचता येतील. हळूहळू चित्र स्पष्ट झालं. सारख्या गळणाऱ्या भट्ट्यांपैकी बऱ्याच ठिकाणी दार निर्दोष होतं, चौकट वाकलेली होती. आजवर तिथे पुन्हा पुन्हा दारं बदलली जात होती, आणि शॉपवर ‘दुरुस्ती नीट होत नाही’ असा ठपका बसत होता. चौकट बदलायची तर ती भट्टी काही काळ बंद ठेवावी लागते, म्हणून तो विषय टळत आला होता. आता कुठल्या चौकटी आधी बदलायच्या, याची कागदासह यादी तयार झाली. ती मान्य व्हायला वेळ लागला, पण मान्य झाली, आणि ज्या भट्ट्यांच्या चौकटी बदलल्या त्यांचे चौकोन नंतर फारसे काळे झाले नाहीत. सरासरीच्या एका आकड्यातून हे कधीच कळलं नसतं.

याच सुमारास मी एक जुना अमेरिकन शोधनिबंध वाचला आणि माझ्या कामाकडे बघण्याची माझी दृष्टी त्यानं पक्की केली. जे. विल्यम लॉइड यांचा तो निबंध १९७१ चा. पिट्सबर्गच्या परिसरातल्या, म्हणजे अ‍ॅलेगेनी काउंटीतल्या, १९५३ साली कामावर असलेल्या सुमारे एकोणसाठ हजार पोलाद कामगारांच्या नोंदी घेऊन कुणाचा मृत्यू कशानं झाला याचा अभ्यास तिथे चालला होता. कोक प्लांटच्या कामगारांना एकत्र धरून पाहिलं तेव्हा फुप्फुसाचा कर्करोग अपेक्षेपेक्षा जास्त दिसला. पण कोक प्लांटमधल्या कुणाला, हे पाहण्यासाठी लॉइड यांनी त्या माणसांना कामाच्या जागेनुसार वेगळं केलं: भट्ट्यांच्या वर काम करणारे, बाजूला काम करणारे, भट्ट्यांपासून दूर असणारे. तेव्हा दिसलं की पाच वर्षं किंवा अधिक काळ पूर्णवेळ टॉपवर असलेल्यांचा धोका जवळजवळ दसपट होता. पुढे १९७६ मध्ये अमेरिकेत कोक ओव्हनच्या धुराबद्दल कामगारांसाठी वेगळं मानक आलं, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं कोक निर्मितीचं काम माणसात कर्करोग घडवणाऱ्यांच्या पहिल्या गटात घातलं.

हे सगळं शक्य झालं ते एका साध्या कारणानं. कुठला माणूस कुठल्या जागी किती वर्षं होता, हे कारखान्यांच्या नोकरीच्या नोंदींत लिहिलेलं होतं. ते लिहिणाऱ्या कारकुनांना पुढे त्याचा असा उपयोग होईल याची कल्पना असणं शक्य नाही. तिथे नुसतं ‘कोक प्लांट’ एवढंच लिहिलं असतं, तर टॉपवरची माणसं बाकीच्यांच्या सरासरीत दिसेनाशी झाली असती.

आमच्याकडे कामाच्या जागेच्या हवेतलं बेंझो-ए-पायरीन मोजलं जात असे. बॅटरीच्या टॉपवर मर्यादा घनमीटरमागे पाच मायक्रोग्रॅम, कोक प्लांटच्या इतर भागांत दोन. तुलनेसाठी सांगते: २००९ च्या राष्ट्रीय मानकानुसार तुमच्या-आमच्या श्वासाच्या हवेत याच पदार्थाची वार्षिक मर्यादा एक नॅनोग्रॅम आहे. आठ तासांची पाळी आणि वर्षाची सरासरी यांची थेट बरोबरी करता येत नाही हे मान्य; तरीही टॉपवर जी मर्यादा ‘ठीक’ मानली जाते ती शहराच्या मर्यादेच्या पाच हजार पट आहे. माणसाच्या कॉलरला लावलेला छोटा पंप पाळीभर हवा ओढायचा, गाळणकागद प्रयोगशाळेत जायचा, आणि निकाल काही आठवड्यांनी यायचा. तोवर त्या दिवशी टॉपवर काय चाललं होतं ते कुणाच्याच लक्षात नसायचं. म्हणून मी निकालाचा कागद, त्या दिवशीचा दारांचा कागद आणि कोळसा ओतण्याच्या सेकंदांचा कागद एकत्र टाचू लागले. एपीच्या वाकात जोरदार दाबानं अमोनियाचं पाणी फवारून धूर आत ओढला जातो. तिथल्या नोझलमध्ये डांबर अडकलं की ओढ कमी होते आणि धूर भोकांतून माणसाच्या तोंडावर येतो. तीन कागद शेजारी ठेवले की ज्या दिवशी फवारा मंद होता तो दिवस बहुतेक वेळा निकालातही वर दिसायचा. त्यानंतर नोझल सफाईची तारीखही आम्ही नोंदीत घेतली.

मग २०१४ आलं. ५ फेब्रुवारीच्या पत्रानं केंद्रीय मंडळानं सतरा प्रकारच्या जास्त प्रदूषणकारी उद्योगांना चिमणीवर सतत मोजणारी यंत्रं बसवून आकडे थेट मंडळाच्या सर्व्हरला जोडायला सांगितलं. हे मला मनापासून हवं होतं. चिमणी कोक ओव्हनबद्दल महत्त्वाचं सांगते: भट्टीची भिंत तडकली की कच्चा वायू जळणाच्या मार्गात शिरतो आणि भट्टी भरल्यावर थोड्या वेळानं चिमणीवर काळा लोट दिसतो. त्या लोटाची वेळ आणि भरण्याची वेळ जुळवून आम्ही तडकलेल्या भिंती शोधल्या आणि तिथे सिरॅमिक वेल्डिंग झालं.

पण यंत्र आल्यावर सगळ्यांचे डोळे यंत्राकडे वळले. कार्यालयात पडदा लागला. धूलिकण, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडं हिरव्या-लाल आकड्यांत दिसायला लागली. मर्यादा ओलांडली की मोबाइलवर संदेश यायचा आणि अर्ध्या तासात तीन विभागांचे प्रमुख एकत्र यायचे. दारांसाठी असं कधी कुणी एकत्र आलं नव्हतं. आणि बेंझीन, बेंझो-ए-पायरीन यांच्यासारखी माणसाला मारणारी द्रव्यं मुख्यतः दारं, झाकणं आणि एपींमधून जातात. जळणाच्या चिमणीवरच्या त्या तीन आकड्यांत ती दिसत नाहीत. जे सर्व्हरला जातं ते महत्त्वाचं आणि जे वहीत राहतं ते दुय्यम, अशी समजूत नकळत घर करू लागली. त्यातूनच एका बैठकीत सूचना आली की आता ऑनलाइन यंत्रणा आहे, तर दारांची फेरी महिन्यातून एकदा पुरे.

मी त्याला लेखी विरोध केला. त्यात अमेरिकेच्या १९९३ च्या नियमाचा आधार घेतला. तिथे प्रत्येक बॅटरीची दारं, झाकणं, एपी आणि कोळसा ओतणं रोज डोळ्यांनी पाहावं लागतं. पाहणाऱ्याला प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र लागतं, ते दरवर्षी नव्यानं घ्यावं लागतं. मर्यादा एका दिवसावर किंवा वर्षाच्या सरासरीवर नाही, सलग तीस निरीक्षणांच्या सरकत्या सरासरीवर ठरते, त्यामुळे एखादा चांगला दिवस निवडून काही साधत नाही. नोंदी निदान एक वर्ष कारखान्याच्या जागेवरच ठेवायच्या आणि त्यानंतरही पाच वर्षं होईपर्यंत, मागितल्या की तीन कामाच्या दिवसांत हजर करायच्या. आणि मला सर्वांत भावलेली तरतूद ही की बॅटरीवरच्या कामगारांच्या मान्यताप्राप्त संघटनेच्या प्रतिनिधीनं मागितल्या, तर याच नोंदी त्याला पाहायला आणि नक्कल करून घ्यायला द्याव्याच लागतात. धुरात उभ्या राहणाऱ्या माणसाला त्या धुराचा कागद बघण्याचा हक्क असावा, हे कुणालाही पटण्यासारखं आहे. आपल्याकडे तो कागद मंडळाला जातो, मंत्रालयाला जातो, टॉपवर जात नाही.

महिन्यातून एकदाची सूचना मागे पडली. रोजची फेरी मिळाली नाही, पण आठवड्याच्या फेऱ्या टिकल्या, आणि त्या फेऱ्यांचा ताजा कागद पाळीच्या खोलीत फळ्यावर लावायची परवानगी मिळाली. पहिल्या आठवड्यात लिंपणाऱ्या माणसांपैकी एकानं फळ्यासमोर उभं राहून मला सांगितलं की अडतिसाव्याचं मधलं झाकण कागदावर नाही, पण ते रोज धुरतं. तो म्हणाला ते खरं होतं. कोळसा ओतून गाडी पुढे गेल्यावर थोड्या वेळानं ते धुरायचं, आमच्या फेरीच्या आधी बंद व्हायचं. झाकणाची बैठक झिजली होती. ती बदलली.

आता कोकणात डोलवीला मोठ्या बॅटऱ्या आहेत, आणि गोव्यात आमोण्याला दुसऱ्या जातीच्या भट्ट्या आहेत, ज्यांत उपपदार्थ काढत नाहीत, वायू भट्टीतच जाळून त्याच्या उष्णतेवर वीज करतात. त्या भट्ट्यांच्या आत हवेपेक्षा कमी दाब असतो, त्यामुळे दारातून वायू बाहेर येण्याऐवजी हवा आत ओढली जाते, आणि नोंदीचा भर वेगळीकडे जातो. मराठी मुलंमुली आता या कामात घराजवळ येऊ लागली आहेत. त्यांच्यापैकी कुणी विचारलं तर मी सांगते की आधी तुमची भट्टी कुठल्या जातीची ते बघा आणि मग रकाने आखा. दुसऱ्या प्लांटचा तयार नमुना उचलू नका.

शेवटचा रकाना माणसाचा, आणि तो मला सर्वांत जड गेला. धोकादायक द्रव्यांच्या संपर्कात येणाऱ्या कामगारांच्या आरोग्याच्या अचूक नोंदी ठेवायची जबाबदारी भोपाळनंतर, १९८७ मध्ये, कारखाने कायद्यात ४१-सी कलमानं मालकावर टाकली गेली. कायम कामगारांच्या फाइली होत्या. पण झाकणं लिंपणं, एपी खरवडणं, दारांखालचं सांडलेलं डांबर उचलणं ही कामं कंत्राटी माणसं करत होती. कंत्राट दोन-तीन वर्षांनी बदलायचं. बरेचदा माणसं तीच राहायची, फक्त ठेकेदार बदलायचा, आणि त्याबरोबर गेटपासचा क्रमांक बदलायचा. जुन्या ठेकेदाराकडे झालेली छातीची तपासणी जुन्या क्रमांकावर, नवी नव्या क्रमांकावर. दहा वर्षं टॉपवर काढलेला माणूस कागदावर दोन वर्षांचा दिसायचा. फुप्फुसाचा कर्करोग दिसायला दोन-तीन दशकं लागू शकतात. तो दिसेल तेव्हा हा माणूस कुठे होता, याचं उत्तर देणारा कागद कुठेच नसणार. लॉइड यांना पिट्सबर्गमध्ये जे सापडलं ते आपल्याकडे शोधायला कुणी बसलं तरी त्याला सापडणार नाही, कारण पाच वर्षं टॉपवर असलेला माणूस आपण नोंदीतून आधीच पुसून टाकलेला असतो.

मी आमच्या नोंदीत गेटपासऐवजी भविष्य निर्वाह निधीचा यूएएन लिहायचा प्रस्ताव दिला. तो क्रमांक २०१४ पासून सुरू झालेला, ठेकेदार बदलला तरी तो बदलत नाही. दारांच्या कागदाला जोडपत्र: त्या पाळीला टॉपवर कोण, पुशर बाजूला कोण, कोक बाजूला कोण, प्रत्येकाचा यूएएन. आरोग्य केंद्राच्या फाइलवरही तोच. यावर आलेला आक्षेप खर्चाचा नव्हता. हा माणूस आपला आहे असं नोंदीत लिहिलं तर उद्या त्याची जबाबदारी आपल्यावर येईल, अशी भीती होती. कायद्यानं ती जबाबदारी आधीपासूनच होती. हे मी प्रत्येक बैठकीत कलम काढून वाचून दाखवलं.

टॉपपुरता तो रकाना मी असतानाच सुरू झाला. दोन्ही बाजूंच्या दारांसमोरच्या माणसांचा राहिला. निवृत्तीनंतरही मी अधूनमधून फोन करून विचारते. माझ्या जागी आलेली मुलगी झारखंडची आहे, कामाला पक्की. मागच्या फोनवर तिनं सांगितलं की नव्या कंत्राटाच्या मसुद्यात ठेकेदारानं सर्व पाळ्यांत, सर्व जागी, यूएएनसह हजेरी द्यायची अशी अट तिनं घातली आहे आणि मसुदा वित्त विभागाकडे गेला आहे. मी तिला मसुद्याचा क्रमांक विचारला, आणि ती अट छापील कंत्राटात येईपर्यंत त्या फाइलचा पाठपुरावा सोडू नकोस असं सांगितलं.